चारशेबाराची जागा

थंडीला घाबरणारी माणसं निराळी आणि कोठीबाई निराळी. उणे ऐंशी अंशाच्या उघड्या दारासमोर उभं राहून ती खुशाल जांभई द्यायची, यावरून काय ते समजा. त्या सोमवारी दुपारी ती निघाली होती एका अगदी साध्या कामाला. हातमोज्यांचा नवा गठ्ठा आला होता, तो मोजून घ्यायचा आणि सही करायची. भुताखेतांशी तिचा संबंध नव्हता, आणि नंतरही तो आला असं ती कधी कबूल करणार नाही. तरी जे झालं ते मी सांगतो. आधी ऐका, हसायचं असेल तर मागाहून हसा.

ती कामाला होती बायोबँकेत. रक्तपेढी वेगळी बरं का. रक्तपेढीतलं रक्त शेवटी कुणाच्या तरी अंगात जातं, इथलं कुठेच जात नाही. पाच लाख धडधाकट माणसांनी आपणहून इथे रक्त दिलं होतं आणि सही केली होती, की आमची गुणसूत्रं तपासा, आमचे दवाखान्यातले कागद बघा, जन्मभर बघत राहा. कुणाला कोणता आजार का होतो ते शोधा, आमच्या नातवंडांच्या उपयोगी पडेल. नावं-पत्ते दुसऱ्या इमारतीत कुलपात. इथे फक्त नंबर. आणि त्या नंबरामागे जिथे कुठे जे माणूस असेल, त्याने डॉक्टरकडे पाऊल टाकलं की त्याची नोंद दोन दिवसांच्या आत इथल्या संगणकात येऊन पडायची.

रक्ताच्या नळ्या ज्या हॉलमध्ये ठेवत त्याला सगळे कोठी म्हणायचे, म्हणून ही कोठीबाई. चाळीस फ्रीझर, दोन रांगा, खिडकी एकही नाही. दिवे असे, की तुम्ही चालाल तसे पुढे लागत जायचे आणि मागे विझत जायचे, त्यामुळे पाठीशी कायम अंधार. यंत्रांची घरघर दिवसरात्र. गार लोखंडाचा आणि रबराचा वास. नवीन माणूस आठवड्याभरात बदली मागायचा, बाईने तिथे एकोणीस वर्षं काढली. या एकोणीस वर्षांत एक नळी हरवली नव्हती, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची, आणि ऐकवायचा हक्क तिला होताच.

तर ती हातमोजे मोजत होती आणि आकडेवाला आला. हा वरच्या मजल्यावर बसून दिवसभर संगणकात आकडे चाळायचा. तिशीचा असेल, हुशार, जेवायचं भान नसलेला.

"बाई, तुमचा वजनकाटा बिघडलाय."

"माझ्या कोठीत काही बिघडत नाही. तुझं डोकं तपासून घे."

त्याने कागद पुढे केला. त्यांच्याकडे एक यंत्र होतं, बाईने त्याचं नाव ठेवलं होतं चिमटेराव. कुठल्या प्रयोगशाळेची मागणी आली की चिमटेराव नळीतल्या गोठलेल्या रक्ताचा तांदळाएवढा तुकडा कोरून काढायचा आणि आधी-नंतर नळीचं वजन करायचा. चारशेबारा या आकड्याने संपणाऱ्या एका नळीतून तीन वर्षांत चौदा तुकडे गेले होते. वजन मात्र पहिल्या दिवशी होतं तेवढंच.

"चौदा वेळा कोरून घटत नाही?"

"मीही रोज चार मैल चालते. माझं कुठे घटतंय?" बाई म्हणाली. पण हातमोजे बाजूला ठेवून उठली.

चार नंबरच्या फ्रीझरमधून तिने नळी काढली आणि दिव्याखाली धरली. चौदा भोकांची चाळण दिसायला हवी होती. रक्ताचा पृष्ठभाग गुळगुळीत होता, कालच ओतून गोठवल्यासारखा. बारकोड तपासला, बरोबर. जागा तपासली, बरोबर. बाई म्हणाली, थांब, याचा आत्ता निकाल लावते. चिमटेरावाकडून तिने स्वतःच्या डोळ्यांदेखत एक तुकडा कोरून घेतला. भोक स्पष्ट दिसलं. काचेवर लाल पेनाने रेघ मारून नळी परत ठेवली, फ्रीझरला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून घरी गेली.

सकाळी लाल रेघ जिथल्या तिथे होती. भोक नव्हतं.

"असं कसं होईल?" आकडेवाला हळूच म्हणाला.

"तेच शोधायचंय. या माणसाच्या रक्ताचाच काही आजार असेल. तू याचे दवाखान्याचे कागद काढ."

त्याने काढले. चारशेबारा ही एक बाई होती, वय त्रेपन्न, गुणसूत्रात एक फार दुर्मीळ फरक असलेली. या वयातही तिच्या रक्तवाहिन्या विशीतल्या मुलीसारख्या स्वच्छ होत्या, म्हणून तर सगळ्या प्रयोगशाळा तिच्या नळीवर टपलेल्या. आजार असा एकही नाही. फक्त तीन वर्षांत चौदा वेळा ती डॉक्टरकडे गेली होती. प्रत्येक वेळी एकच तक्रार, एकाएकी आलेला अशक्तपणा आणि चक्कर, कारण सापडत नाही. आकडेवाल्याने त्या चौदा तारखा एका बाजूला मांडल्या आणि चिमटेरावाच्या चौदा तारखा दुसऱ्या बाजूला. चौदाच्या चौदा जुळल्या.

बुधवारी पंधरावी नोंद आली. सोमवारी दुपारी जिन्यात चक्कर येऊन पडली. डोक्याला तीन टाके.

सोमवारी दुपारी. बाईने आपल्या हाताकडे पाहिलं. तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. कुणाच्या घरचं माणूस जिन्यावरून गडगडत खाली आलं होतं, आणि ती इथे काचेवर लाल रेघा मारत बसली होती.

"बाई, अजून एक आहे," आकडेवाला म्हणाला. "पुढच्या सोमवारची यादी बघितलीत? सात प्रयोगशाळांची मागणी एकदम मंजूर झालीय. तांदळाएवढा तुकडा नाही. सगळी नळी रिकामी करायची आहे."

तांदळाएवढ्या तुकड्याने तीन टाके पडले होते. बाईला पुढचा हिशेब कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चारशेबारा सोमवारी मरणार होती, आणि ते कुणाला कळणारही नव्हतं. डॉक्टर लिहिणार, कारण सापडत नाही.

ती तडक संचालकांच्या खोलीत गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"बाई, पाच लाख माणसं आहेत. त्यातल्या एखादीच्या चौदा तारखा जुळणारच. याला योगायोग म्हणतात."

"पंधरा, साहेब."

"बरं, पंधरा. आणि वजनाचं म्हणाल तर यंत्रवाल्याला बोलावू. मागणी थांबवायला आपल्या नियमात एकच वाट आहे. देणाऱ्याने संमती मागे घ्यायची. तसं पत्र आलं की आपण नमुना जाळून टाकतो. पाठवू का त्या बाईंना विचारायला?"

जाळून टाकतो. हे शब्द बाईने एकोणीस वर्षांत हजारदा ऐकले होते आणि पाच-पन्नास नळ्या स्वतःच्या हाताने भट्टीत टाकल्या होत्या. त्या क्षणी मात्र तिला भट्टीत नळी दिसली नाही, जिन्यात पडलेली ती बाई दिसली.

"नको," ती म्हणाली. "राहू द्या. मी बघते काय ते."

भ्यायली होती, खोटं कशाला बोला. पण भिऊन हातपाय गाळणाऱ्यातली ती नव्हे.

घरी नवरा होता. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला, आता दिवसातून चारदा स्वतःचा चष्मा शोधणारा. वस्तू हरवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. चहा पिता पिता तिने त्याला सगळं सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"वापरायची नाही, जाळायचीही नाही," तो म्हणाला. "मग हरवून टाक की."

"काय?"

"नळी. मी रोज काहीतरी हरवतो. कुणाचं काय बिघडलंय?"

"माझं बिघडेल," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं, अहो."

"हो, ते आहेच," म्हणून तो चष्मा शोधायला उठला.

रविवारी दुपारी इमारत रिकामी असताना बाई कोठीत गेली. दिवे एकेक करून पुढे लागत गेले, मागे विझत गेले. चार नंबरमधून तिने चारशेबारा काढली आणि नऊ नंबरच्या अगदी तळाच्या ट्रेमध्ये, दोन नळ्यांच्या मधल्या एका रिकाम्या भोकात ठेवून दिली. तिथे ती सापडायला कुणाला तरी पाच लाख नळ्या चाळाव्या लागल्या असत्या. दार लावायला हात घातला, तेव्हा कुणीतरी श्वास आत ओढून घ्यावा तसा आवाज झाला. हा आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा. दार बंद झालं की आतली हवा आक्रसते आणि तसा येतो. पण तो दार लागल्यावर येतो. हा आधी आला. बाई म्हणाली, रबर जुनं झालंय, बदलायला सांगितलं पाहिजे.

सोमवारी चारशेबाराची जागा रिकामी निघाली आणि गहजब झाला. बाईच्या हाताखालच्या दोघी रडकुंडीला आल्या. साहेब स्वतः खाली आला.

"हरवली?" तो म्हणाला. "तुमच्या हातून?"

"माझ्याच हातून. लिहून देते."

तिने लिहून दिलं, मान खाली न घालता. जेवणाच्या सुट्टीत लोक तिच्याकडे बघून कुजबुजले, ते तिला लागलं. पण चारशेबारा जिवंत होती, आणि त्यापुढे बाकी सगळं किरकोळ आहे, असं स्वतःला सांगून तिने डबा संपवला.

मंगळवारी सकाळी आकडेवाला जिने उतरून धावतच आला.

"बाई... नोंद आलीय. रविवार दुपारची. शेजाऱ्यांनी तिला इस्पितळात नेलं. स्वतःच्या घराच्या दारात उभी होती आणि आत जायला तयार नव्हती. हे माझं घर नाही म्हणाली. नवऱ्याला ओळखेना."

"डोक्याचा मार असेल."

"अंगाचं तापमान बत्तीस आहे, सदतीस हवं. इतकी पांघरुणं घातली, गरम सलाइन लावलं, चढत नाही. काल संध्याकाळी एकतीस झालं. आणि ती... सारखी एकच गोष्ट म्हणते, असं डॉक्टरांनी लिहिलंय."

"काय म्हणते?"

"माझी जागा चुकलीय."

यंत्रांची घरघर चालू होती. त्यांच्या डोक्यावरचा दिवा, दोघं हलत नाहीत म्हणून, विझला. आकडेवाल्याने घाबरून हात हलवला तेव्हा तो पुन्हा लागला.

"परत ठेवा तिला," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता ठेवा."

"ठेवली तर सापडली असं होईल. सापडली की सातही जण तयारच बसलेत." बाईचं डोकं मात्र चालू होतं. थंडीत तिचं डोकं नेहमीच जास्त चालायचं. "मला सांग, हरवलेली नळी यादीत येते?"

"साहेबांनी हरवल्याच्या अहवालावर सही केली की कायमची उडते."

"आणि रिकामा कप्पा वाकला, खराब झाला, तर तो बंद करायचा अधिकार कुणाचा?"

"तुमचा."

"बंद केलेल्या कप्प्यात कुणी हात घालतं?"

आकडेवाल्याने तिच्याकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला.

"मग झालं तर. कागदावर हरवलेली राहील, आणि राहील आपल्या घरी."

पण सही हवी होती, आणि साहेब सही करेना. आठवडाभर शोधू म्हणाला. तुमच्या इतक्या वर्षांच्या नावाला असा डाग लागू देणार नाही म्हणाला. किती चांगला माणूस, आणि त्याच्या चांगुलपणापायी तिकडे एक जीव चालला होता. दुपारी एकला आकडेवाल्याचा निरोप आला की नवी नोंद पडलीय, तापमान तीस. अडीच वाजता बाई पुन्हा साहेबापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, मी या कोठीत एक शब्द खोटा बोलले नाही. ती नळी सापडणार नाही. तुम्ही शोधत बसाल आणि माझ्या पोरी रडत बसतील. डाग माझा आहे, मला लावून घेऊ द्या. सही करा."

एकोणीस वर्षांत तिने साहेबाकडे असं कधी काही मागितलं नव्हतं. त्याने सही केली.

तिने धावत जाऊन नऊ नंबर उघडला. तळाचा ट्रे ओढला आणि तिचा हात थबकला. दोनच दिवसांत चारशेबारावर बोटभर बर्फ चढला होता. तेवढंच असतं तर ठीक. दोन्ही बाजूंच्या नळ्यांवरचा बर्फ पुढे येऊन तिला चिकटला होता, दोन माणसांनी तिसऱ्याच्या दंडाला धरावं तसा. बोटांनी सुटेना. बाईने चिमटा लावला, हळूहळू, काच तडकणार नाही अशा बेताने. "सोडा तिला," ती पुटपुटली. कुणाला म्हणाली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बर्फ कट्‌कन मोडला. नळी छातीशी धरून ती चार नंबरकडे गेली, जुन्या कप्प्यात ती अलगद ठेवली, आणि संगणकावर लिहिलं, कप्पा खराब, कायम बंद. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

गुरुवारी नोंद आली. मंगळवारी दुपारी तीननंतर रुग्णेचं तापमान आपोआप वाढू लागलं, संध्याकाळपर्यंत पूर्ववत. नवऱ्याला ओळखलं. भूक लागली म्हणाली. बुधवारी घरी सोडलं.

आकडेवाला खुर्चीत मागे रेलला आणि त्याने डोळे पुसले. बाई हसली. डाग गेला खड्ड्यात. तिला इतका आनंद पोटची पोरगी पास झाली तेव्हासुद्धा झाला नव्हता.

"खाली आणखी लिहिलंय," तो म्हणाला. "हे डॉक्टर फार तपशीलवार लिहितात."

"वाच की मग."

तो वाचू लागला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज उतरत गेला.

"रुग्णा सांगते की ती एका काळोख्या, अतिशय थंड जागी होती. तिथे असंख्य माणसं दाटीवाटीने उभी होती. बसायला जागा नाही. बोलत कुणी नव्हतं. शेजारच्या दोघांनी तिला धरून ठेवलं होतं, ती म्हणते, त्रास द्यायला नाही, धीर द्यायला. मधूनमधून एक बाई दार उघडते. तेवढ्यापुरता उजेड येतो. तेव्हा सगळे जण तिच्याकडे तोंड करतात. ती बघत नाही. रुग्णेची स्मृती अन्यथा उत्तम. हा भ्रम तापमान उतरल्यामुळे झाला असावा."

आकडेवाल्याने खुर्ची बाईकडे फिरवली.

"बाई, तुम्ही म्हणालात तसं... डोक्याचा मार..."

"असेल," बाई म्हणाली. उठली आणि हातमोजे चढवले.

"कुठे निघालात?"

"माझ्या कोठीत."

दिवे पुढे लागत गेले. नऊ नंबरसमोर ती थांबली. नळ्या उघड्या ट्रेमध्ये उभ्या असतात, हे तिला डोळे मिटून माहीत होतं. बारकोड यंत्र खालून वाचतं, त्यामुळे वरची नंबराची चिठ्ठी कोणत्या बाजूला येईल याला काही धरबंध नसतो. एक इकडे, एक तिकडे, एक मागे. लावणाऱ्याच्या हाताला जशी येईल तशी. एकोणीस वर्षं ती त्या तशाच बघत आली होती, म्हणजे खरं तर बघत नव्हती.

तिने दार उघडलं. वाफ खाली सरली आणि दिवा आत पडला.

वरच्या ट्रेपासून तळाच्या ट्रेपर्यंत, रांगेमागे रांग, प्रत्येक नळीची चिठ्ठी दाराकडे होती.

तिने चौकट धरली. पण दार लावलं नाही. दार मिनिटभरापेक्षा जास्त उघडं राहिलं की अलार्म होतो, म्हणून ती सगळ्यांवर खेकसायची. आज ती स्वतः उभी राहिली. वरच्या ओळीपासून सुरुवात केली आणि एकेका नंबरावरून नजर फिरवत खाली खाली येत गेली, घाई न करता, अलार्म वाजेपर्यंत. मग दार लावलं आणि शेजारचं, दहा नंबरचं उघडलं.

तिथेही तसंच होतं.